एक केबिन जास्त

वहिनीचा चष्मा सैल झालेला नव्हता. बारकीने तो हातात घेतला, काड्या उघडून काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला, आणि तो सगळीकडून सपाट टेकला. सैल झालेला चष्मा असा टेकत नाही, एका बाजूने डुगडुगतो.

"नाकावरून सारखा घसरतो गं," वहिनी म्हणाली.

"तू मान खाली घालून बोलतेयस म्हणून घसरतोय. काय झालं ते सांग."

वहिनीने दुकानात इकडेतिकडे पाहिलं. ऐन दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमा तेवढ्या दोघींकडे डोळे वटारून बघत होत्या.

"रविवारी चहाला ये. बोटीच्या सहलीचं सगळं ठरवून टाकायचंय. कोण कुठे झोपणार, काय न्यायचं, काय नाही."

"एवढ्यासाठी औषधांचं दुकान सोडून आलीस? फोन होता की."

"फोनवर तुझा चेहरा दिसत नाही." वहिनीने घसा साफ केला. "कॅप्टन येणार आहे."

बारकीने छोटा पेचकस उचलला आणि चष्म्याचा घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करायला घेतला.

"कोणी बोलावलं?"

"आईंनी."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, केक कोणता आणू?"

बारकीला हसू आलं, ते तिने स्क्रूवर फुंकर मारून घालवलं. बारकी हे नाव तिला दादाने दिलेलं, ती पाळण्यात असताना. पुढे ती वाढत गेली, दादाच्या डोक्यावरून गेली, घरातल्या दारांच्या चौकटींना कपाळ लागेल इतकी उंच झाली, चष्म्याच्या दुकानाची मालकीण झाली, केसांत पांढरी बट आली. नाव बारकीच राहिलं. या घरात एकदा चिकटलेलं नाव निघत नाही. कॅप्टनचंही तसंच. तो कॅप्टन कधीच नव्हता. प्रवासी बोटीवर स्वागतकक्षात उभा राहून हरवलेल्या चाव्या आणि न आलेल्या बॅगा यांच्या तक्रारी ऐकायचं त्याचं काम. बारकीशी लग्न झालं त्या दिवशी बाबांनी त्याला पाहुण्यांपुढे "हे आमचे कॅप्टन" म्हणून उभं केलं, आणि मग काडीमोड झाला तरी हुद्दा काही गेला नाही.

"वहिनी, मी सहलीला येत नाहीये. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे ना. म्हणून तर ये. जो जाणारच नाही त्याला मोकळ्या मनाने सल्ला देता येतो." वहिनीने चष्मा नाकावर चढवला. "आता बघ, मुळीच घसरत नाही. तुझ्या हाताला गुण आहे."

ती गेल्यावर बारकी बराच वेळ तोच पेचकस हातात धरून बसली. बोटीचं नाव निघालं की तिचं असं व्हायचं. लग्नानंतर दर मोसमात तो म्हणायचा, एकदा ये, घरच्यांना नेता येतं, बघ तरी मी कुठे राहतो ते. आणि दर मोसमात ती म्हणायची, तू नोकरी सोडशील त्या दिवशी येईन, तुला उतरवून घ्यायला. तो म्हणायचा पुढच्या वर्षी. ती म्हणायची मग मीही पुढच्या वर्षी. अशी पुढची वर्षं बरीच साठली. शेवटी आवाज न चढवता, चहा पिऊन, दोघांनी सह्या केल्या. आणि त्यानंतर वर्षाच्या आत त्याने बोट सोडली. सोडली ती सोडली, वर तिच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर प्रवासाच्या तिकिटांचं ऑफिस थाटलं. सोडायचीच होती तर मग... एवढं अर्धं वाक्य तिच्या घशात कधीपासून अडकलेलं होतं. ते पूर्ण करायची वेळ तिने कधी येऊ दिली नव्हती.

*

रविवारी जेवणघरातलं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं होतं, म्हणजे मामला गंभीर होता. टेबल ओढलं जायचं ते एक तर कोणाचं लग्न ठरताना किंवा कोणाचं ऑपरेशन. गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाची झडप बदलायचं याच टेबलावर ठरलं होतं. झडप बसली, बाबा बरे झाले, आणि बरे होताच त्यांनी आपली इच्छा सांगितली. आयुष्यभर त्यांनी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, कुंपणावरून भांडणाऱ्या भावांच्या मधे साखळी धरून उभे राहिले होते. आता त्यांना एकदा अशा ठिकाणी जायचं होतं जिथे चारी बाजूंना कोणाचीच हद्द नाही. डॉक्टर म्हणाले, जायचं तर याच वर्षी जा.

घरात खळबळ उडाली ती याने, की या घराण्याचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. बाबांच्या वडिलांनी तर वाटेत नावेतून नदी ओलांडावी लागते एवढ्यासाठी बढती नाकारली होती. अशा आजोबांचा मुलगा समुद्रावर राहायला निघाला होता, तेही सगळ्या कुटुंबाला घेऊन.

बेल वाजली. आई दाराकडे जाता जाताच बोलायला लागली, "बेल कसली वाजवतोस? दार उघडंच आहे."

जावई होता तोवर आई त्याला अहोजाहो करायची, त्याच्यासमोर खुर्चीत टेकायचीसुद्धा नाही. सह्या झाल्या त्या दिवसापासून तिने अरेतुरे सुरू केलं. बारकीला आधी वाटलं, रागाने असेल. मग लक्षात आलं, की जावई गेला म्हणून आईने त्याला मुलांत भरती करून घेतलंय.

कॅप्टन आत आला. कानांवरचे केस पिकले होते, शर्ट मात्र अजून बोटीवरच्यासारखा कडक इस्त्रीचा. त्याने बारकीला मान हलवून नमस्कार केला, बारकीने त्याला साखर किती ते न विचारता चहा दिला, आणि मग आपण विचारलं नाही हे लक्षात येऊन ती खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली.

"या कॅप्टन," बाबा म्हणाले. "बोट बुडते का, एवढं आधी सांगा. म्हणजे हिची झोप उडणार नाही."

"माझी कशाला उडेल? तुम्हीच काल दोनदा उठलात," आई म्हणाली.

"बुडत नाही, बाबा. हलते मात्र." त्याने टेबलावरचा लांबट ट्रे पुढे ओढला, बिस्किटं बशीत काढून ठेवली आणि ट्रे रिकामा केला. "ही बोट समजा. हे नाक, हे शेपूट. कप द्या रिकामे."

दादाने खुर्ची पुढे घेतली. दादा विमा कंपनीत होता. जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या पाहून नुकसान किती ते ठरवणं हे त्याचं काम. त्यामुळे पुढे काय काय मोडू शकेल याचा विचार तो सुट्टीच्या दिवशीही करत असे. घटस्फोटाच्या वेळी "सुटलीस" असं बारकीला म्हणणारा पहिला माणूस तोच.

"मधल्या बंदरावर उतरलो आणि यायला उशीर झाला, तर बोट आपल्यासाठी किती थांबते?"

"थांबत नाही."

"अजिबात?"

"बोटीवाल्यांनी काढलेल्या सहलीतून गेलात तर थांबते. स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात तर ती वेळ झाली की निघते. मी कितीजणांना धक्क्यावरून पळत येताना पाहिलंय. दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या."

आईने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आईकडे पाहिलं. बाबांनी दोघींकडे पाहिलं आणि बिस्कीट उचललं.

"म्हणून वेळेच्या पुष्कळ आधी परत यायचं," कॅप्टन म्हणाला. "आणि बोटीवरच्या घड्याळावर चालायचं, फोनवरच्या नाही. फोन कधी कुठल्या देशाची वेळ धरेल नेम नाही. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावात पोचा. त्याच दिवशीचं विमान घेऊ नका, विमानाला उशीर झाला तर बोट तुमची वाट बघणार नाही."

"हे मी म्हटलंच होतं," दादा म्हणाला. त्याने हे कधीच म्हटलं नव्हतं, पण कॅप्टनशी आपलं मत जुळलं याचं त्यालाच बरं वाटलेलं दिसलं.

"मोठ्या बॅगा धक्क्यावर काढून घेतात, त्या केबिनमध्ये येईपर्यंत संध्याकाळ होते. तोवर जे लागेल ते हातातल्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट, बाबांची सगळी औषधं, एक जोडी कपडे, पोहायचे कपडे."

"पोहायचे कपडे आजीचेपण?" दादाच्या लेकीने विचारलं. ती कॉलेजात होती आणि आतापर्यंत भिंतीला टेकून फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

"का? मी काय विरघळणार आहे?" आई म्हणाली.

"आतोबा, बोटीवर नेट मिळतं का?"

आतोबा म्हणायची तिची सवय कोणी मोडली नव्हती. मोडायची तर काय म्हणायचं ते कोणाला सुचलं नव्हतं.

"मिळतं. आधी घेऊन ठेव, चढल्यावर महाग पडतं. आणि बंदरावर फुकटात बसायची जागा हवी असेल तर बोटीवरचे नोकर कुठे जातात ते बघायचं. त्यांना सगळं माहीत असतं."

वहिनीने औषधांचं विचारलं. बोट लागते त्यावरची गोळी चढायच्या आधी घ्यायची की नंतर, यावर तिचं आणि कॅप्टनचं पटापट एकमत झालं: पोट ढवळायला लागल्यावर घेतली तर उपयोग नाही, आधीच घ्यायची, आणि बाबांच्या डॉक्टरांना विचारून. बारकी स्टुलावरून ऐकत होती. खरं तर तिला कंटाळा यायला हवा होता. तो येत नव्हता याचा तिला राग येत होता.

मग केबिन वाटायची वेळ आली. कॅप्टनने पहिला कप ट्रेच्या मध्यावर ठेवला. "हे बाबा आणि आई. लिफ्टजवळ, पण अगदी लिफ्टला लागून नको, आवाज येतो. गॅलरीची केबिन. बाबा पहाटे उठून बाहेर बसणार, आणि आईंना झोपेत डोळ्यांवर उजेड चालत नाही, म्हणून मधे जाड पडदा."

"बघा, लक्षात आहे याच्या," आई कोणाकडेच न बघता म्हणाली.

दुसरा कप त्याने तिथून बराच लांब सरकवला. "हे दादा आणि वहिनी."

"एवढं लांब?" दादाने विचारलं.

दादाची लेक फोनमध्ये तोंड लपवून हसत होती.

"भिंती पातळ असतात रे," कॅप्टन जपून म्हणाला. "बाबांची झोप महत्त्वाची."

"मी घोरत नाही."

"तू घोरत नाहीस," वहिनी म्हणाली. "तू झोपलास की खोलीत कोणीतरी कपाट सरकवतं."

बाबा इतके हसले की आईला त्यांच्या पाठीवर हात ठेवावा लागला. दादाही शेवटी हसला. तेवढ्यात कॅप्टनने तिसरा कप उचलला आणि ट्रेच्या मध्याशी, पण ट्रेबाहेर, खाली टेबलाच्या लाकडावरच ठेवला.

"ही आत्या-भाचीची. मधोमध आणि खालच्या मजल्यावर. बोट तिथे सगळ्यात कमी हलते. जत्रेतल्या पाळण्याकडे नुसतं बघूनच जिचा चेहरा हिरवा होतो तिच्यासाठी हीच बरी."

"मी येत नाहीये," बारकी म्हणाली.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं. दादाच्या लेकीने फोन खाली ठेवला.

"दुकान कोण बघणार? दुकान बंद ठेवता येत नाही," बारकी पुढे म्हणाली.

"गेल्या वर्षी माझ्यासाठी तू ते महिनाभर बंद ठेवलंस," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते. चहा ढवळत होते, साखर केव्हाच विरघळली होती. "बारके, आमच्याकडे मोजणीला एक खुंटी कमी पडली, तर आम्ही मोजणी सुरू करत नसू. साहेब म्हणायचे, उरलेल्या खुंट्यांवर भागवा. मी भागवलं नाही कधी."

"बाबा, हे बरोबर नाही."

"नाहीच. पण मी आजारातून उठलोय, मला चालतं."

बारकी पुढे काही म्हणायच्या आत आईने बाजूचा एक कप उचलला, पदार्थाला मीठ घालावं इतक्या सहज तो ट्रेमध्ये ठेवला आणि केकवरचा कागद काढायला लागली.

दादाने तो कप पाहिला. "हा कोणाचा?"

"असू दे."

"असू दे म्हणजे? माणसं संपली."

"सामानाला होईल."

"सामानाला स्वतंत्र केबिन?" दादाची लेक म्हणाली. "गॅलरीची की बिनगॅलरीची, आजी?"

कॅप्टन त्या कपाकडे बघत होता. त्याचे कान हळूहळू लाल झाले. बारकीला आठवलं, कान लाल होणं त्याला कधीच थांबवता आलं नव्हतं. तक्रार करणारे प्रवासी म्हणे त्याच्या कानांवर भरवसा ठेवायचे.

आता दादा उसळणार, असं बारकीला वाटलं. इतकी वर्षं तो तिच्या बाजूने उसळत आला होता. पण दादा विचारात पडला. "तसं बघितलं तर," तो सावकाश म्हणाला, "बाबांची तब्येत, अनोळखी बंदरं, बरोबर माहितगार माणूस असला तर जोखीम निम्मी होते."

बारकीने भावाकडे वळून पाहिलं. दादाने बिस्किटांच्या बशीकडे पाहिलं.

आणि वहिनी, जिने केक आणला होता, जी चष्मा सैल झाल्याचं निमित्त करून दुकानात आली होती, ती बारकीचा चेहरा बघून एकदम उलटली. "आई, आपण तिला आधी विचारायला हवं होतं. त्यालाही."

"केक कोणता आणू हे विचारताना तुला हे सुचलं नाही," आई म्हणाली.

"आई," कॅप्टन म्हणाला, "मला आधी सांगितलं असतंत तर मी आलोच नसतो."

"म्हणून तर नाही सांगितलं."

तो उठला. खुर्ची आवाज न करता मागे सरकवली, तो चौथा कप ट्रेमधून उचलून आईच्या हातात दिला. "सल्ला द्यायला आलो होतो, तो झाला. केबिन तीनच घ्या. उद्या ऑफिसात पासपोर्ट पाठवून द्या, तारीख संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले असतील तर आधी ते नवे करून घ्यावे लागतील." बाबांना वाकून नमस्कार केला आणि तो गेला. दार त्याने हळूच लावलं. आपटलं असतं तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.

आईने केकचा मोठा तुकडा कापला, डब्यात घातला, डबा बारकीपुढे धरला. "दे जा. जिना उतरायच्या आत गाठ."

"वहिनीला पाठव."

"तिचे गुडघे दुखतात."

वहिनीचे गुडघे आजवर कधी दुखले नव्हते. ती ताबडतोब खुर्चीत बसली आणि गुडघा चोळायला लागली.

*

तो जिन्यात नव्हता. रस्त्याच्या टोकाला, बंद दुकानांच्या सावलीत उभ्या केलेल्या गाडीशी होता. दार उघडलेलं, पण आत बसला नव्हता. फोन हात लांब करून धरला होता, मग आणखी लांब, मग डोळे बारीक करून.

"हात आणखी लांब व्हायचा नाही," बारकी म्हणाली. "जवळचा चष्मा लागलाय तुला."

"नाही गं. अक्षरंच बारीक केलीत हल्ली." त्याने फोन खिशात टाकला. "हे काय?"

"केक. आईने पाठवलाय. तू रागावून गेलास असं तिला वाटतंय."

"रागावलो नाही. सामान म्हणून जायचं नव्हतं एवढंच."

बारकीला हसू आलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं. दोघं काही वेळ ती चादर बघत राहिले.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "बोट सुटताना केबिनमध्ये बसू नका. सगळेजण बॅगा लावत बसतात आणि बघायचं तेच राहून जातं. बाबांना वरच्या उघड्या डेकवर घेऊन जा, किनाऱ्याच्या बाजूच्या कठड्याशी. जमीन लांब जाताना त्यांना दिसू दे. त्यासाठीच तर चाललेत ते."

"छान दिसतं?"

"सगळे म्हणतात छान दिसतं."

"सगळे म्हणतात म्हणजे? तू नाही पाहिलंस?"

"बोट सुटताना आमच्या खिडकीवर रांग असायची. चावी लागत नाही, बॅग आली नाही, शेजारचा घोरतो." तो सहज सांगत होता, तक्रारीच्या सुरात नाही. "रांग संपेपर्यंत बाहेर काळोख झालेला असायचा. मग खाली जाऊन झोपायचं. आमच्या केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. चौघांत एक खोली. मला किनारा लांब जाताना कधी दिसलाच नाही."

बारकीने डबा गाडीच्या टपावर ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे इतकी वर्षं वेगळंच चित्र होतं. पांढरा डेक, ऊन, आरामखुर्च्या, गार पेयं, आणि त्यात कुठेतरी तो, घर विसरून बसलेला. त्या चित्रावर तिने केवढा राग पोसला होता. आणि मग तिला दुसरंच काहीतरी आठवलं.

"थांब. मी दर वेळी धक्क्यावर यायचे. तू वरून हात करायचास. अगदी टोकाशी उभं राहून, दोन्ही हातांनी."

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"तो मी नव्हतो."

"मग कोण होता?"

"डेकवर खुर्च्या मांडणारा. माझ्याच खोलीतला. त्याला सांगून ठेवायचो, गर्दीत सगळ्यात उंच बाई दिसेल, ती जाईपर्यंत हात करत राहा. माझी टोपी द्यायचो त्याला. लांबून चेहरा दिसत नाही, टोपी दिसते." तो थांबला. "सांगणार होतो. पण तू पत्रात लिहायचीस, या वेळी छान हात केलास. मग सांगवेना."

बारकी गाडीला टेकली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत राहिली. राग आला नाही. त्याऐवजी पोटातून हसू आलं, आणि ते आवरता आवरता डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं ती एका अनोळखी माणसाला निरोप देत होती, आणि तो बिचारा इमानेइतबारे दोन्ही हात हलवत होता.

"फार मनापासून करायचा तो," ती म्हणाली.

"बदल्यात मी त्याच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायचो."

हसणं ओसरल्यावर तिने ते अर्धं वाक्य बाहेर काढलं. इतकं हसून झाल्यावर ते तितकं बोचरं राहिलं नव्हतं. "सोडायचीच होती नोकरी, तर मग आधी का नाही?"

त्याने गाडीचं उघडं दार लोटलं. "तू म्हणायचीस, सोड, मी उतरवून घ्यायला येईन. मला वाटायचं, आधी एकदा तू वर यावंस. मी काय करतो ते बघावंस, मग उतरू. हट्टच तो. तुझ्याइतकाच." मग म्हणाला, "नंतर हट्ट करायला कोणी उरलं नाही, मग नोकरीत काही राम राहिला नाही."

चादर झटकणारी बाई आत गेली. बारकीने केसांची पांढरी बट कानामागे केली.

"मी जातेय," ती म्हणाली. "बाबांबरोबर. त्या मधल्या, खालच्या केबिनमध्ये."

"गोळी आधी घे."

"घेईन. आणि तो चौथा कप आईने ठेवला होता, तो चुकला. कोणाला विचारलं नव्हतं तिने. मी विचारतेय. येतोस का? सल्लागार म्हणून नको, बाबांच्या तब्येतीसाठीही नको. किनारा बघायला ये." त्याने तोंड उघडलं तसा तिने हात वर केला. "आत्ता सांगू नकोस. दुकानात ये, डोळे तपासायला. गाडी चालवतोस आणि फोन वाचता येत नाही तुला."

"गाडी चालवताना फोन वाचतच नाही मी."

"ये तरी."

*

ती वर आली तेव्हा सगळे टेबलाभोवती होते आणि कोणीच खिडकीजवळ गेलं नव्हतं असं दाखवत होते. पडदा अजून हलत होता.

"एवढा वेळ लागतो का एक डबा द्यायला?" बाबांनी विचारलं.

"मी येतेय सहलीला," बारकी म्हणाली.

बाबांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि केकचा दुसरा तुकडा घेतला, जो त्यांना डॉक्टरांनी मना केला होता. आज आईने तो काढून घेतला नाही.

"आणि ते चौथं..." आईने सुरुवात केली.

"ते मी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. तू त्याला फोन करायचा नाहीस, दादाने ऑफिसात जायचं नाही, आणि वहिनीने त्याच्याकडे तिकीट काढायच्या निमित्ताने जायचं नाही."

"माझे तर गुडघे दुखतात," वहिनी म्हणाली.

*

तो आला तो आठवड्याच्या मधल्या एका सकाळी, दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. बारकीने शटर अर्धं खाली घेतलं आणि त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, मग डोळ्यांवर जड, गोल चौकट चढवली. खोलीत अंधार करून समोरच्या अक्षरांचा दिवा लावला. हे तिचं रोजचं काम होतं, हात आपसूक चालत होते.

लांबचे डोळे ठीक निघाले. मग तिने खोलीतला दिवा लावून त्याच्या हातात जवळचा तक्ता दिला. त्याने तो दूर धरला, तिने तो धरून पुन्हा जवळ आणला.

"हात इथेच ठेव. वाच."

"वरच्या दोन ओळी दिसतात. बाकी मुंग्या."

तिने चौकटीत एक काच टाकली. "आता?"

"मुंग्यांना पाय दिसायला लागले."

तिने ती काढून दुसरी टाकली, मग पुन्हा पहिली, मग पुन्हा दुसरी. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं, "हे बरं, की आधीचं?"

तो तक्त्याकडे बघत राहिला. उत्तराला उशीर होतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि आपण काय विचारून बसलो तेही.

"आधीचं वाईट नव्हतं," तो म्हणाला. "पण तेव्हा मी फार लांब धरून वाचत होतो."

पेटीतल्या काचा होत्या तिथेच होत्या, तरी तिने त्या एकदा नीट लावल्या.

"आईंना सांग, ती केबिन घेऊन टाका म्हणावं," तो म्हणाला. "पण खिडकीची. बिनखिडकीच्या खोलीत मी पुष्कळ झोपलो."

"हलू नकोस," बारकी म्हणाली. तिने त्याची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली आणि बोटं लगेच काढली नाहीत. "नंबर चुकेल."